राखणदाराची विडी कोणी पेटवायची?

रत्नागिरी
रविवार, दुपारी अडीच

ती. गोदूआतेस नितेशचा पाया पडून नमस्कार.

काकांचा आशीर्वाद लिहिता येत नाही, कारण ते तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. म्हणून त्यांचाही नमस्कारच लिहितो, जरी त्यांनी तो सांगितलेला नाही. यमुनाकाकीने मात्र सांगितला आहे, शिवाय कुळथाचं पीठ पुरलं का, असं विचारलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? (मागच्या फोनवर तू उजवा म्हणालीस आणि त्याच्या आधीच्या फोनवर डावा. दोन्ही दुखत असतील तर दोन्ही कसे आहेत ते वेगवेगळं कळव.) नालासोपाऱ्याला तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? नसेल तर चौथ्या मजल्यावर जाताना प्रत्येक मजल्यावर थोडी थांबत जा, आणि थांबलीस की कठड्याला टेकू नको, तो हलतो, हे मी मे महिन्यात हात लावून पाहिलं आहे. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे. पण खुशाल आहे की नाही, हे येत्या सहा तारखेला डॉक्टर सांगणार आहेत. तेव्हा तूर्त 'बहुतेक खुशाल' असं समज.

शाळेत आम्हाला मोठ्या माणसांना पत्रात 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं. कच्च्या कागदावर मी तसंच लिहिलं होतं, पण वाचून बघितलं तर ग्रामपंचायतीची नोटीस वाटायला लागली. म्हणून 'तू'च लिहितो, राग मानू नको. फोन असताना पत्र कशाला, हेही तुझ्या मनात येईल. आपल्या घरात फोनवर बोलायचं ते ओसरीवर, स्पीकर लावून. काका वीस वर्षं बोटीवर होते, इंजिनाशेजारी उभं राहून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे तुझं-आमचं बोलणं खाली खाडीपर्यंत जातं. मला जे सांगायचं आहे ते एवढ्या लोकांना सांगायचं नाही. पत्र काशीरामबरोबर देतो आहे (वरच्या घरचा, मुंबईची ट्रॅव्हल्स चालवतो तो, लहानपणी तू त्याला विहिरीतून बाहेर काढलं होतंस, त्यामुळे तुझं पार्सल तो विसरायचा नाही). सोबत तू तीन वेळा मागितलेला, दातांना लावायच्या मशेरीचा डबाही आहे. डब्याविषयी शेवटी लिहीन. आधी काकांचा पाय.

पायाचं तुला अर्धवटच ठाऊक आहे, कारण काकांनी फोनवर 'जोडा चावला' एवढंच सांगितलं. जोडा चावलेला नाही. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळसर पडला, आणि घरून कलमांच्या बागेत जाताना (पाच मिनिटांची वाट, तुला माहीत आहे) ते तीन वेळा थांबायला लागले. थांबले की वर बघून म्हणायचे, मोहोर बघतोय. दिवाळीत मोहोर नसतो. चौथ्या दिवशी मी त्यांना आमच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. (मी आता तिथे कामाला आहे. बारावी इंग्रजीने राहिली ती राहिलीच, पण अक्षर बरं आहे आणि लोकांची नावं बिनचूक लिहितो म्हणून घेतलं.) डॉक्टरांनी पायाची नाडी बघितली, यंत्र लावून बघितलं, आणि सरळ सांगितलं: विडीने पायाच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या आहेत. विडी आज बंद झाली तर पाय राहील अशी आशा आहे. नाही झाली तर आधी अंगठा काढावा लागेल, आणि मग ते कुठे थांबेल ते सांगता येत नाही. गोळ्या देतो, पण विडी चालू ठेवून गोळ्या खाल्ल्या तर त्यांचा उपयोग नाही. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन जिन्याखाली विडी पेटवली. म्हणाले, 'एवढी मोठी बातमी, कोरडी कशी पचवू?' बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो; त्यानंतर मला सायकल, पोहणं आणि बेरीज ह्याच माणसाने शिकवली. त्या जिन्याखाली मला पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, कारण हॉस्पिटलात ओरडू नये अशी पाटी आमच्या समोरच होती.

आता मी तिथे काम काय करतो ते सांगायला हवं. आमच्या हॉस्पिटलाने विडी, सिगारेट आणि तंबाखू सोडवायचा उपक्रम काढला आहे. असल्या गोष्टीसाठी लोक आपणहून दवाखान्यात येत नाहीत, म्हणून आम्ही गावोगाव जाऊन देवळात नाहीतर शाळेत शिबिर लावतो. 'आम्ही' म्हणजे सानिका मॅडम आणि मी. मॅडम समुपदेशक आहेत, साताऱ्याकडच्या. त्या माणसांशी बोलतात. मी यंत्र सांभाळतो. यंत्र म्हणजे हातात मावेल एवढी पेटी आणि तिला कागदाची नळी. श्वास आत घेऊन मनात पंधरापर्यंत मोजायचं, मग नळीत हळूहळू सोडायचा. छातीत विडीचा धूर किती साठलाय त्याचा आकडा पडतो. सहाच्या आत आला तर माणूस ओढत नाही, वर गेला तर ओढतो. लोकांना आधी ते दारू पकडायचं यंत्र वाटतं आणि अर्धे जण मागच्या दाराने निघून जातात. म्हणून प्रत्येक शिबिरात आधी मी स्वतः फुंकून दाखवतो, म्हणजे भीड मोडते. माझा आकडा कायम एक यायचा. (मॅडम त्याला 'आपला आदर्श आकडा' म्हणायच्या. 'म्हणायच्या' हे मुद्दाम लिहिलं आहे.) ज्याला सोडायचं आहे त्याने तारीख ठरवायची, संकल्पपत्रावर सही करायची आणि घरातलाच एक जोडीदार नेमायचा. जोडीदाराने रोज वही लिहायची. काकांचा जोडीदार मी. त्यांचा पहिला आकडा सव्वीस आला, तेव्हा ते छाती काढून उभे होते. शेजारच्याचा एकोणतीस आला तसं त्यांचं तोंड उतरलं.

पण संकल्पपत्रावर सही करायला काका तयार होईनात. म्हणाले, कागदावर सोडलेली वस्तू कागद फाटला की परत येते. सोडायची तर देवासमोर गाऱ्हाणं घालून सोडीन. सानिका मॅडमना गाऱ्हाणं ठाऊक नव्हतं. मी समजावलं की आमच्याकडे देवापुढे उभं राहून एक जण सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे हुंकार देतात. त्यांना ते फार आवडलं, अहवालातही लिहिलं, आणि पुढचं शिबिर आपल्याच देवळात लागलं. गाऱ्हाणं घालायला महिपत गुरव (त्याच्या कानावर अजून विडी असते, त्या दिवशीही होती). मी आदल्या दिवशी त्याला लिहून दिलं होतं: आत्माराम ह्यांनी विडी सोडली आहे, त्यांना बळ दे. एवढंच. पण महिपतला तू ओळखतेस. तीस वर्षं जे तोंडात बसलेलं आहे ते एकदा सुरू झालं की मधे थांबत नाही. लग्न असो की बोअरवेल, सगळा गोतावळा घेतल्याशिवाय त्याचं गाऱ्हाणं संपत नाही. त्याने माझा कागद टोपीत ठेवला, डोळे मिटले आणि सुरू झाला. 'हे देवा म्हाराजा, आज ह्यो आत्माराम तुझ्या पायाशी उभा हाय. तेच्या घरातली, दारातली, लेकीसुनांची, म्हायेरवाशिनींची, मुंबयच्या चाकरमान्यांची, जी काय इडी-तंबाखू आसंल ती आजपासना तुझ्या पायाशी घातली म्हाराजा. तेचा पाय तू सांभाळ म्हाराजा.' आणि चाळीस माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या (गाऱ्हाण्याला टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांना कोणी काही बोललं नाही). मी गाऱ्हाणं जसंच्या तसं रजिस्टरात उतरवलं. उतरवताना एका शब्दापाशी माझं पेन थांबलं होतं. तो कोणता, तेही शेवटी.

त्याच संध्याकाळी काकांनी घरातली विड्यांची बंडलं काढून माझ्या पुढ्यात ठेवली. एकूण नऊ. भाताच्या कणगीत दोन, छत्रीत एक, गमबुटात एक, नारळाच्या सोडणांच्या ढिगात दोन, देवघरामागे एक आणि काकीच्या हिंगाच्या डबीमागे दोन. काकी म्हणाली, चाळीस वर्षं ह्या घरात केर काढतेय, आणि हा माणूस माझ्या नाकाखाली दुकान चालवत होता. मी यादी केली, काकांनी खाली सही केली (ह्या कागदावर केली). मग सोडण्याचे दिवस सुरू झाले. मॅडमनी तलफ आली की चघळायला निकोटिनचं च्युइंगगम दिलं होतं. ते काकांच्या कवळीत असं बसलं की वरची आणि खालची कवळी एकमेकींना चिकटली आणि अर्धा तास त्यांना बोलता येईना. काकीने मला बाजूला घेऊन विचारलं, हे औषध अजून मिळतं काय.

च्युइंगगम बंद झाल्यावर मॅडम म्हणाल्या, तलफ पाच-सात मिनिटं टिकते, तेवढा वेळ हात कशात तरी गुंतवा. आते, काकांचे हात खलाशाचे. त्यांनी सुंभ घेतलं आणि गाठी मारायला सुरुवात केली. आधी विहिरीचा पोहरा बांधला, मग गोठ्याचं दार, मग लोणच्याच्या बरणीचं तोंड, मग माझी सायकल जांभळीला. एकदा मी हॉस्पिटलात उशिरा पोचलो. कारण विचारलं तर 'सायकल सुटत नव्हती' एवढंच सांगता आलं, आणि ते कोणाला पटलं नाही. काकी दोन दिवस लोणच्याशिवाय जेवली. शेवटी मी वहीत गाठी लिहायला लागलो, कारण एक गाठ म्हणजे एक तलफ. पहिल्या आठवड्यात रोजच्या चौदा-पंधरा. त्यांतली एक गाठ विशेष आहे. बाहेरून अगदी साधी दिसते, पण सोडवायला बसलं की दहा मिनिटं जातात, आणि तिला सुरी लावायची नाही अशी काकांची सक्त ताकीद आहे. म्हणतात, ही गाठ जगात दोनच माणसांना येते. दुसरं माणूस कोण, ते सांगत नाहीत. मी शिकायचा प्रयत्न केला, तर माझाच अंगठा आत राहिला.

एवढं सुरळीत चाललं असताना अमावस्या आली. बागेत ऐनाच्या झाडाखाली आपल्या राखणदार देवाची जागा आहे. त्याला दर अमावस्येला सकाळी नारळ आणि पेटलेली विडी ठेवायची आपल्या घरची रीत, ती तू लग्नाआधी पाहिलेली आहेस. विडी पेटलेलीच लागते. आणि विडी नुसती काडी लावून पेटत नाही, ती ओढावी लागते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काकांच्या आलं होतं. त्यानंतरच्या तपासणीत त्यांचा आकडा चौदा आला. मी नळी बदलली. परत चौदा. काका म्हणाले, गाऱ्हाणं गावच्या देवाला घातलेलं, राखणदाराचा विभाग वेगळा. तुमच्याकडे तरी हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चालते काय? मॅडम म्हणाल्या, चालत नाही. पण मी म्हटलं, काका, अमावस्या होऊन पाच दिवस झाले, एवढ्या दिवसांपूर्वीचा धूर आज दिसत नाही. तेव्हा हळूहळू बाहेर आलं की अमावस्येची विडी राखणदाराने अर्धीच ओढून टाकली असं काकांना दिसलं, त्याचं समाधान झालं नसावं असं वाटलं, म्हणून ते रोज सकाळी जाऊन त्याला एक नवी पेटवून देत होते. डॉक्टरांनी त्या दिवशी अंगठा परत बघितला आणि मग दोनदा दाबून बघितला. डॉक्टर दोनदा बघतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मी दोन दिवस विचार केला. राखणदाराला नाही म्हणायची माझी छाती नाही (कलमं त्याच्याच भरवशावर आहेत, आणि आज्जी त्याच्याविषयी जे सांगायची ते मी विसरलेलो नाही). पण रीत नीट तपासली तर विडी घरच्या पुरुषाने पेटवावी एवढीच आहे, अमक्यानेच असं कुठेही नाही. म्हणून पुढच्या अमावस्येपासून ते काम जोडीदार ह्या नात्याने मी घेतलं. काका नको-नको म्हणत होते, पण मी वहीत लिहून टाकलं होतं. त्या सकाळी दंव फार पडलं होतं. विडी पाच वेळा विझली, पाच वेळा मी ती ओढून पेटवली. खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं, नारळ फोडताना दिसेना, आणि तो राखणदाराऐवजी माझ्या पायावर फुटला. तसाच लंगडत एसटीने संगमेश्वरच्या बाजूला एका शाळेत शिबिराला गेलो. काकाही होते, कारण मॅडमना सोडलेला माणूस लोकांना दाखवायचा होता. साठेक माणसं जमली होती. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, घाबरू नका, आधी माझा बघा. पंधरापर्यंत मोजलं आणि फुंकलं. नऊ.

मॅडमनी आकडा मोठ्याने वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पण पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची नजर चांगली होती. म्हणाले, 'मास्तर, आधी तुम्ही सोडा, मग आमी बघू.' सगळी शाळा हसली. मला राखणदाराचं सांगता येईना, कारण हॉस्पिटलाचा माणूस देवासाठी विडी ओढून आला हे ऐकून उपक्रमच बंद होईल असं वाटलं. आणि न सांगावं तर मी ओढतो असं ठरतं. तेवढ्यात मागून काका उठले. म्हणाले, 'पोरगं ओढत नाय. तेनं माझ्या वाटनीची ओढलीय.' आणि त्या साठ अनोळखी माणसांना त्यांनी सगळं सांगितलं: बोटीवर विडी कशी लागली ते, जिन्याखालची विडी, रोज पेटवून दिलेल्या विड्या, सगळं. शेवटी चप्पल काढून अंगठा दाखवला. जो माणूस तुला फोनवर जोडा चावला म्हणतो त्याने. त्या दिवशी बावीस जणांनी नावं दिली. त्या आजोबांचं नाव सगळ्यांत वर आहे.

परतताना एसटीत काका खिडकीशी बसले होते. हातखंबा आल्यावर बाहेर बघतच म्हणाले, 'सकाळी तुझ्या तोंडाला वास येत होता रं.' मी म्हटलं, लवंग खाल्ली होती. त्यावर म्हणाले, 'उद्या तुला लागली, तर माझा पाय वाचवून मी चालत जाऊ कुटं?' मी तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं आणि ते अजून वहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते महिपतला न बोलावता स्वतःच बागेत गेले. मला सोबत नेलं, कारण हुंकाराला कोणीतरी लागतं. त्यांना महिपतसारखं गाऱ्हाणं घालता येत नाही, मधे मधे अडखळले. एवढंच म्हणाले की बाबा रे, आजपासून आमच्या घरात कोणी पेटवणार नाही. विडी ठेवतो, बाजूला काडेपेटी ठेवतो. तुला ओढायची तर तुझी तू पेटव. मी एकट्यानेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. एकट्याचा आवाज फार बारीक येतो. परवाच्या अमावस्येलाही तसंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर विडीही नव्हती आणि काडेपेटीही नव्हती. राखणदाराला बदल मान्य झाला म्हणून काका फार खूश आहेत. (महिपत गुरवाचा आकडा अजून चोवीस आहे, आणि हल्ली तो देवळात आपल्या बागेच्या वाटेने जातो. राखणदार ज्याच्या हाताने घ्यायचं त्याच्या हाताने घेत असेल.)

आता काकांचा आकडा दोन आहे. माझा परत एक झाला. गाठी दिवसाला तीन-चारवर आल्या आहेत. अंगठ्याचा काळेपणा पुढे सरकलेला नाही, पण मागेही गेलेला नाही. काय ते सहा तारखेला कळेल. परवा बागेत जाताना ते एका जागी थांबले आणि वर बघायला लागले. मीही बघितलं तर खरंच मोहोर होता.

पत्र फार लांबलं, तू ते दोन बैठकांत वाच, म्हणजे डोळ्यांना त्रास होणार नाही. घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना काशीरामबरोबर पाठवलेली चिक्की, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आराम पडो.

तुझा,
नितेश

ता. क. १: माझं पेन थांबलं होतं तो शब्द 'म्हायेरवाशिनींची'. आते, तुझी मशेरी वर्षानुवर्षं काकी आपल्याच तव्यावर तंबाखू भाजून पाठवत आली आहे. म्हणजे गाऱ्हाण्याप्रमाणे ती घरातली तंबाखूही होते आणि माहेरवाशिणीचीही, दोन्हीकडून देवाच्या पायाशी गेली. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण तू फोनवर (स्पीकरवर) मशेरी मागितलीस आणि काकांच्या आलं. तेव्हापासून ते रोज विचारतात, 'बाय मशेरी लावते काय रं अजून?' आणि विचारताना पडवीच्या वाशाकडे बघतात. मीही एकदा वर बघितलं. वाशाला विडीचं एक बंडल बांधलेलं आहे, त्याच गाठीने. माझ्या यादीत नऊ बंडलं आहेत. हे दहावं. मला वाटतं, तू मशेरी लावत राहिलीस तर गाऱ्हाणं मोडलं असं ते म्हणतील, आणि ते खाली काढतील. म्हणून खरी विनंती ही: तू मशेरी सोड. सगळं पत्र मी ह्या एका ओळीसाठी लिहिलं. एकदम जमत नसेल तर सानिका मॅडम फोनवरूनही बोलतात, नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. पण सोडली नसताना सोडली असं मात्र सांगू नको. मला ते काकांना तोंड सरळ ठेवून सांगता येणार नाही.

ता. क. २: डब्यात मशेरी नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा, मीठ आणि लवंग आहे. काकीने त्याच तव्यावर करून दिलं, रंग तोच आला. तुला कळणार नाही असं आमचं ठरलं होतं. पण आत्ताच वर तुला खोटं सांगू नको असं लिहिलं आणि मग मला पुढे काही सुचेना. दात चांगले निघतात, मी चार दिवस लावून बघितलं. काकीला रागावू नको, कल्पना माझी होती.

ता. क. ३: पार्सल बांधायला काका बसले आहेत. पत्रही मागत आहेत, प्लास्टिकमध्ये डब्याबरोबर घालायला. मी पाकीट डिंकाने चिकटवूनच त्यांच्या हातात देणार आहे. पार्सलात त्यांनी हातभर मोकळं सुंभ ठेवलं आहे, ते कशासाठी ते मला सांगितलं नाही. तुला नको असेल तर काशीरामबरोबर परत पाठव.

बाय, डिंक ओला होता. वाचलं. पोरगं लिहितं बरोबर, पण भितं फार. वाशाला बंडल आहे. ती गाठ सोडवायला दहा मिनिटं लागतात आणि तलफ त्याच्या आधीच जाते. चार वेळा सोडवायला बसलो, चारही वेळा अर्ध्यावरून परत आवळली. त्याला हे कळवू नको, वही लिहिताना त्याला बरं वाटतं. तुझ्या जुन्या डबीत तळाला अजून मशेरी असणार, मी तुला ओळखतो. सुंभ ती डबी बांधायला दिलंय. गाठ तुला येते, बाने होडीवर आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवली होती. सुरी लावू नको.
आत्माराम